थकलेल्या तनख्याचा कवी

राजाने तनखा मंजूर करणं वेगळं आणि तो खजिन्यातून हातात पडणं वेगळं. इंग्लंडचा चौथा हेन्री १३९९ साली गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने आपल्या एका कारकुनाला सालीना १० पौंडांचा तनखा तहहयात लावून दिला. १४०९ मध्ये तो वाढवून २० मार्क, म्हणजे १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स करण्यात आला. कागदावर सगळं चोख होतं. पण दर सहामाहीला, ईस्टरच्या आणि मायकेलमसच्या हप्त्याला, आपल्याच हक्काच्या पैशांसाठी या माणसाला वरच्यांची मनधरणी करावी लागे. ती मनधरणी तो पद्यात करी. थॉमस हॉक्लीव्ह हे त्याचं नाव. १४२६ साली तो वारला, म्हणजे २०२६ मध्ये त्याच्या मृत्यूला सहाशे वर्षं होतात.

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांमध्ये या गृहस्थाची जागा फार पूर्वी ठरून गेली. चॉसरवर भलंमोठं प्रकरण लिहायचं, मग ‘चॉसरचे अनुयायी’ अशा मथळ्याखाली लिडगेट आणि हॉक्लीव्ह यांना जोडीने उभं करायचं आणि दोघांना मिळून दोन पानांत निकालात काढायचं, असा रिवाज. त्याला हॉक्लीव्ह स्वतःही जबाबदार आहे. आपला गुरू चॉसर आपल्याला शिकवायला तयार होता, पण आपणच मंद, म्हणून फारसं शिकलो नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. मध्ययुगात विनयाची अशी भाषा सगळेच कवी वापरत. बाकीच्यांचा विनय आपण विनय म्हणून सोडून देतो. याच्या बाबतीत मात्र समीक्षकांनी तो कबुलीजबाब म्हणून नोंदवून घेतला आणि पुढची चारपाचशे वर्षं पुन्हा चौकशी केली नाही. आमच्या मते हा निकाल चुकीचा होता, आणि तो का चुकला हे पाहायचं तर आधी त्याच्या कचेरीत डोकवावं लागेल.

इंग्लंडच्या राज्यकारभारात तेव्हा तीन मुद्रा चालत. चॅन्सरीची महामुद्रा, राजाची खासगी मुद्रा आणि त्याच्या चिटणिसाकडची लहान अंगठीमुद्रा. यांतली मधली, प्रिव्ही सील, म्हणजे सगळ्या कारभाराचा सांधा. राजाची इच्छा तिथे कागदावर येई, तिच्यावर शिक्कामोर्तब होई आणि मग ती महामुद्रेकडे, खजिन्याकडे किंवा परमुलखातल्या दरबाराकडे रवाना होई. कारकून मोजकेच. कचेरी वेस्टमिन्स्टरला आणि राहायची सोय थेम्सकाठच्या स्ट्रँड रस्त्यावर, चेस्टर्स इन नावाच्या वाड्यात. हॉक्लीव्ह विशीच्या आसपास, साधारण १३८७ मध्ये तिथे चिकटला आणि अखेरपर्यंत तिथलाच राहिला. दुसरा रिचर्ड, चौथा हेन्री, पाचवा हेन्री आणि पाळण्यातला सहावा हेन्री असे चार राजे त्याने पाहिले. राजे बदलले तरी मसुदे तेच राहिले, फक्त वरचं नाव बदलून घ्यायचं.

त्याच्या कामाचं जे वर्णन त्याने केलं आहे, तेवढ्यासाठीच खरं तर त्याला वाचावं. लोकांना वाटतं लिहिणं म्हणजे बसून करायचं सोपं काम. तो म्हणतो, इतर कारागिरांकडे बघा, हात चालू असतात आणि तोंडही चालू असतं, गप्पा होतात, गाणं होतं. लिहिणाऱ्याला ती मुभा नाही. मन, डोळा आणि हात तिन्ही एकाच वेळी एकाच ठिकाणी हवेत. एक जरी सुटला तरी ओळ बिघडली. मान खाली घालून मेंढीच्या कातड्याकडे टक लावायची, बोलायचं नाही, गायचं नाही. वीसहून जास्त वर्षं हे केल्यावर काय होतं तेही त्याने सांगून टाकलं आहे. पोट बिघडतं, पाठ धरते आणि सगळ्यात जास्त मार डोळ्यांना बसतो. इंग्रजीत त्याच्याआधी लेखनाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं होतं, पण ते बहुतेक प्रतिभेविषयी, स्वप्नांविषयी, ग्रंथांच्या थोरवीविषयी. लिहिणाऱ्याच्या पाठीच्या कण्याविषयी हा माणूस बोलला.

आज आपण ज्याला पगार म्हणतो तसं काही या कारकुनांना नव्हतं. राहायला जागा, वर्षाकाठी कपडे, नशिबाने राजाने दिलेला तनखा आणि कागद करून घ्यायला आलेल्या पक्षकारांकडून मिळेल ती दक्षिणा. त्यातही मधले दलाल होतेच. एखाद्या बड्या सरदाराचा माणूस पक्षकाराला गाठे, ‘आमच्या साहेबांकडून तुमचं काम करून देतो’ म्हणून पैसे घेई, कारकुनाकडून कागद लिहून घेई आणि ‘साहेब तुमच्याकडे लक्ष ठेवतील’ असं सांगून सटके. साहेबाला यातलं काही ठाऊक नसे. कारकुनाने तक्रार करावी तर सरदाराच्या माणसाशी वैर कोण पत्करणार? हॉक्लीव्हने ही सगळी साखळी नाव न घेता पण बारकाईने मांडली आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कचेरीत पैसा कुठे मुरत होता हे कळायला हिशेबाच्या वह्या पुरत नाहीत. त्या वह्यांत हा पैसा लिहिलेलाच नसतो.

बढतीचा खरा मार्ग चर्चमधून जात होता. अशा कारकुनांना राजकृपेने एखाद्या धर्मपीठाचं उत्पन्न मिळे आणि उरलेलं आयुष्य निवांत जाई. हॉक्लीव्हने त्या वाटेवर अनेक वर्षं डोळे लावले. उत्पन्न काही आलं नाही. शेवटी त्याने लग्न केलं, प्रेमाने केलं असं स्वतःच सांगतो, आणि त्याबरोबर ती वाट कायमची बंद झाली. आता म्हातारपणी आधार उरला तो एकट्या तनख्याचा.

तनखा का थकत होता, याचं उत्तर राज्याच्या प्रकृतीत होतं. चौथा हेन्री हा चुलतभावाला गादीवरून खाली खेचून राजा झालेला. अशा राजाला निष्ठा विकत घ्याव्या लागतात आणि रोख नसली की वचनांनी घ्याव्या लागतात. त्याने तनखे सढळ हाताने वाटले. १४०० पासून वेल्समध्ये ओवेन ग्लिनडूरचं बंड पेटलं, उत्तरेत सरदार उठले, खर्च वाढत गेला आणि पार्लमेंटात तनख्यांच्या या खैरातीवर तक्रारी सुरू झाल्या. अशा वेळी कुणाचे पैसे आधी द्यायचे हे ठरवताना खजिनदार आधी फौजेचा आणि बड्यांचा विचार करतो. शिक्का-कचेरीतला कारकून यादीत तळाला. तो बंड करणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

हॉक्लीव्हने बंड केलं नाही. त्याने विनोद केला. १४०५-०६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘ला माल रेगल’ या कवितेत त्याने आपल्या उधळ्या तरुणपणाची कहाणी सांगितली आहे, आणि ती इतकी केविलवाणी उधळपट्टी आहे की हसू आवरत नाही. खानावळवाले सांगतील तो दर त्याने दिला, घासाघीस केली नाही, म्हणून वेस्टमिन्स्टरच्या वेशीवर त्याच्यासारखं लाडकं गिऱ्हाईक नाही. उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात चिखल, म्हणून घरी जायला नाव हवी. नावाडी त्याला ‘मालक, मालक’ करून आपापल्या नावेत ओढतात आणि एवढ्या मानाने हा माणूस फुलून जातो. गुत्त्यातल्या पोरींना खाऊपिऊ घालतो, पण चुंबनापलीकडे काही विषय निघाला की लाजेने लाल होतो. भांडण करायची छाती नाही, म्हणून कुणाला शिव्या दिल्या तरी हळू आवाजात. प्रेंटिस आणि अरंडेल नावाच्या दोघांची नावं तो घेतो, ते तर सकाळी अंथरूण सोडायलाच तयार नसत. एवढं सगळं सांगून झाल्यावर कवितेचा खरा रोख येतो. मागच्या मायकेलमसचा तनखा थकला आहे, तो खजिनदार लॉर्ड फर्निव्हल यांनी कृपा करून सोडावा. पापाची जाहीर कबुली ही ख्रिस्ती परंपरेतली गंभीर गोष्ट. तिचा वापर थकबाकीच्या अर्जासाठी करणं हे साधं काम नव्हे. ज्याला मंदबुद्धी म्हणून मोडीत काढलं त्या कवीने हे साधलं आहे.

‘राजांचं अनुशासन’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो तो ‘रेजिमेंट ऑफ प्रिन्सेस’ हा त्याचा मोठा ग्रंथ १४१०-११ मधला. पुढे पाचवा हेन्री झालेल्या युवराजासाठी तो लिहिला. राजनीतीची तीन जुनी लॅटिन पुस्तकं समोर ठेवून राजाने कसं वागावं याचा उपदेश त्यात आहे. हा उपदेश तेव्हा लोकांना आवडला, ४० हून अधिक हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत. आजच्या वाचकाला मात्र त्याचा पहिला भाग धरून ठेवतो. सुमारे साडेपाच हजार ओळींच्या या ग्रंथात पहिल्या दोन हजार ओळी राजाविषयी नाहीतच. रात्रभर झोप न लागलेला एक कारकून सकाळी चेस्टर्स इनमधून बाहेर पडतो, मोकळ्या रानात भटकतो, तिथे त्याला एक म्हातारा भिकारी भेटतो आणि दोघांचं बोलणं सुरू होतं. पैसे मिळत नाहीत, पुढे काय होणार ही चिंता झोपू देत नाही. पाठ, डोळे, दलाल, लग्न हे सगळं या संभाषणातच येतं. उपदेशाच्या ग्रंथाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा उपदेश करणाऱ्याच्या अडचणींना द्यायचा आणि मग युवराजाला सांगायचं की राजाने दिलेला शब्द पाळावा, तनखे मंजूर केले तर ते द्यावेत. लाचारी म्हणा हवं तर. पण ही भावी राजाला तोंडावर सांगितलेली गोष्ट होती.

याच संभाषणात एक जागा अशी आहे की ती वाचताना अंगावर काटा येतो. म्हाताऱ्याला शंका येते, एवढा विचार करणारा हा माणूस पाखंडी तर नाही ना? आणि तो जॉन बॅडबीची गोष्ट काढतो. बॅडबी हा ईव्हशॅमचा शिंपी. प्रसादाची भाकरी ही भाकरीच राहते, तिचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होत नाही, असं त्याचं म्हणणं. मार्च १४१० मध्ये लंडनच्या स्मिथफील्डवर त्याला जिवंत जाळलं. युवराज हेन्री तिथे हजर होता. त्याने बॅडबीला मत सोडायला विनवलं आणि सोडलंस तर मरेपर्यंत पोटापाण्याची सोय लावून देतो असं वचन दिलं. बॅडबी बधला नाही. हॉक्लीव्ह ही गोष्ट युवराजाच्या करुणेचा दाखला म्हणून सांगतो, बॅडबीबद्दल त्याला तिळमात्र सहानुभूती नाही. पण ही गोष्ट कोणत्या कवितेत बसवली आहे ते पाहा. ज्या राज्यात पाखंडी शिंप्याला जन्मभराची सोय जागच्या जागी देऊ केली जाते, त्याच राज्यात वीसहून अधिक वर्षं शिक्के उमटवणारा निष्ठावंत कारकून तहहयात तनख्यासाठी तळमळतो. हे त्याने जाणूनबुजून केलं का, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. शेजारी शेजारी ठेवलं, एवढं खरं.

हॉक्लीव्हला संत करायचा मोह टाळलेला बरा. पाखंड्यांविरुद्ध त्याने १४१५ मध्ये जी कविता लिहिली ती वाचवत नाही. सर जॉन ओल्डकासल या बंडखोर सरदाराला तो सांगतो, धर्मशास्त्र वाचायचं सोड, तुझ्यासारख्याने लान्सलॉटच्या, ट्रॉयच्या वेढ्याच्या गोष्टी वाचाव्यात. शास्त्रार्थ करणाऱ्या बायकांना तर तो सरळ सूत कातायला बसवतो. याच माणसाने १४०२ मध्ये क्रिस्तीन द पिझां या फ्रेंच कवयित्रीच्या स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या काव्याचं इंग्रजी रूप केलं होतं, आणि तिचं मूळ काव्य तेव्हा जेमतेम तीन वर्षांपूर्वीचं होतं. दोन्हींत विसंगती आहे. ती झाकायचं कारण नाही. वरच्यांच्या मर्जीवर जगणारा माणूस वरच्यांना आवडेल ते लिहितो, आणि चौथ्या-पाचव्या हेन्रीच्या लॅन्कॅस्टर घराण्याला तेव्हा धर्मरक्षक म्हणून मिरवायचं होतं.

१४१५ च्या त्या कवितेआधीच काहीतरी घडलं होतं. सुमारे १४१४ मध्ये त्याचं डोकं फिरलं. त्याच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर स्मृती काही काळ बाहेर फिरायला गेली, आणि एका सर्वसंतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, परत आली. त्यानंतर पाच वर्षांनी, १४१९ ते १४२१ या काळात, त्याने जो काव्यसंच लिहिला त्याला आज ‘सीरीज’ म्हणतात. त्यातला पहिला भाग ‘कम्प्लेंट’. वेडाविषयी त्यात थोडं आहे, बरं झाल्यानंतरच्या आयुष्याविषयी खूप.

आजार गेला, पण कुणी विश्वास ठेवेना. वेस्टमिन्स्टरच्या दालनात, लंडनच्या रस्त्यावर जुने ओळखीचे समोरून येतात आणि मान वळवतात. त्याच्या कानावर येतं, बघ कसा बैलासारखा बिथरून बघतोय, पाय एका जागी ठरत नाहीत, डोळे कोपरे धुंडाळतात. आता ठीक दिसतो, पण या वयात एकदा झालेलं परत होणारच, उन्हाळा येऊ दे म्हणजे कळेल. हे ऐकून तो घरी येतो आणि एकटा असताना आरशासमोर पटकन उडी मारून उभा राहतो. आपला चेहरा खरंच विचित्र दिसतो का? दिसत असला तर दुरुस्त करता येईल. मग पुन्हा उडी, पुन्हा तपासणी. आणि मग त्याच्या लक्षात येतं की मुद्दाम आरशासमोर केलेला चेहरा हा लोकांना दिसणारा चेहरा नव्हेच, आपल्या तोंडावर काय दिसतं ते आपल्याला कधीच कळत नाही. शांत राहावं तर म्हणतात गप्प झाला, बोलावं तर म्हणतात सुरू झालं पुन्हा. मनोरुग्णाच्या घरात वावरलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत हे एवढ्या जवळून सांगणारा दुसरा कवी आम्हाला दिसत नाही.

पुढचा भाग आणखी विलक्षण. ‘कम्प्लेंट’ लिहून संपली तोच दारावर थाप पडते. जुना मित्र आत येतो, हॉक्लीव्ह त्याला ती वाचून दाखवतो. मित्र म्हणतो, बाबा रे, हे बाहेर काढू नकोस. लोक विसरलेत, तू कशाला आठवण करून देतोस? हा सल्ला व्यवहारी आहे, मायेचाही आहे, आणि तो न मानल्यामुळेच आपल्या हाती ही कविता आहे. हॉक्लीव्हचं उत्तर असं की आजार देवाने उघड दिला, बरं केलं तेही उघड व्हावं. पण त्याआधी मित्राला पटवताना त्याची जी दमछाक होते तीच खरी कविता. ज्याच्या बुद्धीवर जगाचा भरवसा नाही, त्याने आपण शहाणे आहोत हे सिद्ध कसं करायचं? युक्तिवाद केला तर त्यातही वेड शोधलं जातं. काही अभ्यासकांना हा आजार म्हणजे जुन्या पश्चात्तापकाव्याचा नमुना वाटतो. साचा होता हे मान्य. पण त्या साच्यात आरशासमोरच्या त्या उड्या कुठे होत्या?

हा माणूस दिवसभर फ्रेंच आणि लॅटिनमध्ये लिहीत होता, हेही लक्षात घ्यायला हवं. कचेरीची भाषा तीच. इंग्रजी ही त्याची कामाबाहेरची भाषा. पाचव्या हेन्रीने १४१७ पासून स्वारीवरून आपली पत्रं इंग्रजीत धाडायला सुरुवात केली आणि कारभारातल्या फ्रेंचचे दिवस भरत आले. नेमक्या त्याच सुमारास, १४२० नंतर, हॉक्लीव्हने नव्या कारकुनांसाठी मसुद्यांचा एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडे मेस्तक म्हणत, तशातला. सुमारे ९०० नमुने, जवळजवळ सगळे फ्रेंच आणि लॅटिन. तो आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. एका अस्ताला जाणाऱ्या पद्धतीचं इतकं नेटकं दफ्तर क्वचितच राहिलं असेल. १४२४ मध्ये त्याला हॅम्पशरमधल्या साउथविक मठाकडून निर्वाहाची सोय लावून देण्यात आली. तिचा उपभोग घ्यायला दोनच वर्षं मिळाली.

मेल्यानंतर त्याचं काय झालं ते थोडक्यात. सतराव्या शतकात विल्यम ब्राउन या कवीने १६१४ मध्ये त्याची एक कथा आपल्या पुस्तकात घेऊन त्याचं कौतुक केलं. १७९६ मध्ये जॉर्ज मेसनने सहा कविता छापल्या. मग १८९२ मध्ये त्याच्या लहान कविता आणि १८९७ मध्ये ‘रेजिमेंट’ छापून काढले ते फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल यांनी. ज्या फर्निव्हलकडे पैसे मागितले त्याच नावाच्या माणसाने जवळजवळ पाचशे वर्षांनी कवीची पुस्तकं काढावीत, हा निव्वळ योगायोग. उपकार मोठे, पण या संपादकाला आपला कवी मनापासून आवडला नाही. तो बरा कवी असता, निदान जास्त मर्दाना असता तर, अशा अर्थाची खंत त्यांनी बोलून दाखवली. व्हिक्टोरियन इंग्लंडला भित्रा, आजारी, पैशांची रड गाणारा कवी नको होता. चॉसर त्यांना हवा होता, आणि चॉसरचा चेहरा आपल्याला माहीत आहे तोही हॉक्लीव्हमुळे. गुरूला विसरलेल्यांना आठवण राहावी म्हणून त्याने ‘रेजिमेंट’मध्ये चॉसरचं चित्र काढवून घेतलं, ते ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखिताच्या समासात आजही आहे.

वारं फिरलं ते गेल्या पन्नास वर्षांत. १९७८ मध्ये डॉइल आणि पार्क्स या दोन अभ्यासकांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या, गॉवर या कवीच्या एका हस्तलिखितात हॉक्लीव्हचं अक्षर ओळखलं. पाच लेखनिकांमध्ये वाटलेल्या त्या कामात त्याच्या वाट्याला थोडीच पानं आली होती. त्याने स्वतःच्या कविता स्वतःच्या हाताने लिहिलेली तीन हस्तलिखितं आपल्याकडे आहेत, दोन कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत आणि एक डरहॅमला. चॉसरची अशी एक ओळही आपल्याजवळ नाही.

डरहॅमच्या त्या हस्तलिखितात ‘सीरीज’ आहे, पण सुरुवातीची पानं गहाळ झालेली. संपूर्ण ‘कम्प्लेंट’ आणि मित्राच्या संवादाचा आरंभ त्यांच्याबरोबर गेला. सोळाव्या शतकात लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने तेवढा भाग दुसरीकडून उतरवून तिथे जोडला, आपल्या काळाच्या लेखनपद्धतीने. म्हणून १९९९ मध्ये जॉन बरो हे अभ्यासक ही कविता संपादित करायला बसले तेव्हा त्यांनी उरलेल्या स्वहस्तलिखितांवरून हॉक्लीव्ह कोणता शब्द कसा लिहीत असे हे हुडकलं आणि स्टोच्या व इतर नकलांतल्या ओळी एकेक करून त्या वळणावर आणून बसवल्या.